निळीचे बंदर आणि डोळ्यातील प्रवाह

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या काठाला, खिदिरपूर नावाची जुनी वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे जहाजे बांधण्याच्या गोद्या निघाल्या. पुढे १८९२ साली नदीकडे दरवाजे असलेली बंदिस्त गोदी येथे खुली झाली आणि खिदिरपूर हे नाव व्यापाऱ्यांच्या व खलाशांच्या तोंडी कायमचे बसले. बंगाली वाचकाला ही वस्ती आणखी एका नात्याने ठाऊक आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांचे वडील राजनारायण दत्त सदर दिवाणी अदालतीत वकिली करीत आणि त्यांचे बिऱ्हाड खिदिरपुरास असे. जहाजे, गोदामे, वकील आणि कवी यांच्या या वस्तीचा नेत्रवैद्यकाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु डोळ्याच्या मागील पडद्यावरची एखादी शीर तुंबली असता तिची परीक्षा ज्या पिवळ्या रंगाने करतात, त्या रंगाचा इतिहास शोधू लागले की वाट या बंदराजवळून गेल्यावाचून राहत नाही.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात निळीला मानाचे स्थान होते. नदिया, जेसोर आणि पुढे बिहारमधील तिरहूत या भागांत निळीची झाडे लावली जात. ती कापून हौदात कुजवली जात. मग ते पाणी घुसळून खाली बसलेल्या निळीच्या वड्या पाडल्या जात आणि पेट्यांतून कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस येत. या वड्यांमागे रयतेचे हाल होते. निळीचे गोरे मळेवाले शेतकऱ्याला थोडी उचल देत आणि तिच्या मोबदल्यात चांगल्या जमिनीत, भाताऐवजी, नीळ पेरण्यास भाग पाडीत. १८५९ साली बंगालच्या रयतेने नीळ पेरण्याचे नाकारले. १८६० साली सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर छापविल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ साली एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. ते भाषांतर मधुसूदन दत्तांनी केले, असे परंपरेने मानले जाते. अभ्यासकांत मात्र त्याविषयी एकमत नाही. असो. भाषांतरकार कोणीही असो, निळीचा प्रश्न या शहराच्या न्यायालयात, छापखान्यात आणि रंगभूमीवर उभा राहिला, एवढे खरे.

बंगालमध्ये हा संघर्ष चालू असता जर्मनीत काही रसायनशास्त्रज्ञ निळीकडे अगदी वेगळ्या दृष्टीने पाहत होते. दगडी कोळशापासून दिव्याचा वायू काढताना जे काळे, दुर्गंधी डांबर उरते, त्यातून रंग बनवता येतात, हे तोवर सिद्ध झाले होते. मग निसर्गातील निळीसारखी नीळही कारखान्यात का करता येऊ नये? या प्रश्नाचा ज्याने चिकाटीने पाठपुरावा केला, त्याचे नाव आडोल्फ फोन बायर. १८८० साली त्याने कृत्रिम नीळ तयार करून दाखवली आणि १८८३ पर्यंत तिच्या रेणूची घडण उलगडली. पुढे १९०५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. प्रयोगशाळेतील ही रीत खर्चिक असल्यामुळे ती बाजारात टिकण्यासारखी नव्हती. परंतु १८९७ साली जर्मनीतील बाडिशे कंपनीने नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे आपण ट्रंकेतील लोकरी कपड्यांत ठेवतो त्या डांबराच्या गोळीतील पदार्थापासून, स्वस्त नीळ विक्रीस आणली. खिदिरपूरची गोदी खुली होऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. पुढील पंधरा-सोळा वर्षांत हिंदुस्थानच्या निळीचा व्यापार कोसळला. मळेवाल्यांनी तोट्याचे ओझे पुन्हा रयतेवर टाकले आणि त्या ओझ्याची अखेरची कहाणी १९१७ साली गांधीजींनी चंपारणात ऐकली. देशी उद्योगांच्या ऱ्हासाचा हिशेब बंगाली वाचकांपुढे ‘देशेर कथा’ या ग्रंथात १९०४ साली मांडणारे सखाराम गणेश देउस्कर हे मराठी घराण्यातले होते, हेही येथे आठवावे.

याच बायरने १८७१ साली, निळीचे कोडे सुटण्यापूर्वीच, दुसरा एक पदार्थ तयार केला होता. थॅलिक अॅनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल ही दोन द्रव्ये एकत्र तापवून त्याला एक तांबूस-पिवळी पूड मिळाली. तिला पुढे फ्लुओरेसीन असे नाव पडले. विशेष हे की, यांपैकी थॅलिक अॅनहायड्राइड नॅफ्थॅलीनपासूनच मिळते आणि बाडिशे कंपनीची नीळही याच द्रव्याच्या पायरीवरून पुढे गेली. एकाच डांबरातून निघालेली ही दोन भावंडे. एकाने कलकत्त्याचा एक व्यापार बुडवला; दुसऱ्याच्या हातून काय व्हावयाचे होते, याची कल्पना खुद्द बायरलाही नव्हती.

फ्लुओरेसीनचा गुण असा की, त्याच्यावर निळा प्रकाश पडला की तो शोषून घेऊन ते हिरवट-पिवळा प्रकाश परत देते. फार थोडे द्रव्य पुष्कळ पाण्यात मिसळले तरी हा उजाळा लपत नाही. या गुणाचा पहिला मोठा उपयोग भूगोलाला झाला. डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी चुनखडीच्या खडकात जिरून जाते. ते कोठे निघते, हा जुना वाद होता. १८७७ साली तेथे दहा किलो फ्लुओरेसीन सोडले आणि काही दिवसांच्या आत आख नदीच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रवाहाची वाट दाखवणारा साक्षीदार माणसाला सापडला होता. पुढे १८८२ साली पॉल एर्लिख याने हेच द्रव्य प्राण्यांच्या शरीरात सोडून डोळ्यातील द्रवाची हालचाल पाहिली. नदीतून डोळ्यापर्यंतचा प्रवास अवघ्या पाच वर्षांत झाला. परंतु माणसाच्या दृष्टिपटलावरील रक्ताचे चित्र निघण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

येथे मूळ रोगाचे स्वरूप सांगणे इष्ट होईल. डोळ्याच्या आतील मागच्या भिंतीला दृष्टिपटल असते. त्यात रक्त आणणारी धमनी आणि वापरलेले रक्त परत नेणारी नीला, या दोन्ही दृष्टीच्या मज्जातंतूच्या दांड्यातूनच आतबाहेर करतात. तेथील वाट अतिशय अरुंद असते. वय, रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू अशा कारणांनी या मुख्य नीलेत रक्त गोठले, तर सबंध पडद्यातील रक्ताचा निचरा अडतो. कित्येकदा अडथळा मुख्य नीलेत नसून तिच्या शाखेत असतो. धमनी आणि नीला जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे त्यांचे बाह्य आवरण एकच असते. म्हणून कठीण झालेली धमनी खालच्या नीलेला दाबते. दोन्ही प्रकारांत वेदना बहुधा नसते. मनुष्य सकाळी उठतो आणि एका डोळ्यापुढे धुके आले आहे, असे त्याला जाणवते.

खिदिरपूरच्या गोदीची उपमा येथे थोडी उपयोगी पडेल. गोदीचा नदीकडचा दरवाजा बंद झाला आणि आत येणारे पाणी चालूच राहिले, तर पाणी चढते, काठ भिजतात, गळती सुरू होते. नीला तुंबली की दृष्टिपटलाचे असेच होते. शिरा फुगतात, वाकड्यातिकड्या होतात, रक्त बाहेर सांडते आणि बारीक दृष्टीचे जे केंद्र, तो पीतबिंदू, सुजतो. काही वेळा शरीर आपण होऊन आडवाट काढते. खिदिरपूरजवळच टॉलीचा नाला हुगळीला मिळतो. गंगेच्या जुन्या, गाळाने भरलेल्या पात्रातून वाहतूक पुन्हा चालावी म्हणून विल्यम टॉली याने १७७५ नंतर तो खणून घेतला. डोळ्यातही मूळ वाट बुजली असता जवळच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन रक्ताला नवी वाट देतात. परंतु प्रत्येक डोळ्याला हे भाग्य लाभत नाही.

हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यांना हा देखावा प्रथम दिसला. १८५५ साली लीब्राइख याने दृष्टिपटलातील या रक्तस्रावाचे वर्णन केले आणि १८७८ साली युलिउस फोन मिशेल याने मुख्य नीलेत रक्त गोठणे हे त्याचे कारण म्हणून दाखवून दिले. नाव मिळाले, कारण मिळाले. परंतु रुग्णाला जो एकच प्रश्न विचारावयाचा असतो त्याचे उत्तर मिळाले नाही. हा डोळा सुधारेल की जाईल? दोन रुग्णांचे पडदे सारखेच रक्ताने माखलेले दिसत. त्यांतील एकाची दृष्टी काही महिन्यांत बरीच परत येई. दुसऱ्याच्या डोळ्यात सुमारे तीन महिन्यांनी बुबुळाभोवतीच्या पडद्यावर नाजूक, नको असलेल्या रक्तवाहिन्या उगवत, डोळ्यातील पाण्याचा निचरा बंद होई आणि असह्य वेदनांसह डोळा निकामी होई. नेत्रवैद्य याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणत. कोणत्या रुग्णाच्या वाट्याला हे शंभर दिवस येणार, हे आधी सांगण्याचे खात्रीचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

हे साधन अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी दिले. इंडियाना विद्यापीठात वैद्यक शिकणारे हॅरोल्ड नॉव्होट्नी आणि डेव्हिड आल्व्हिस यांनी दंडाच्या शिरेत फ्लुओरेसीन टोचले, दिव्यापुढे निळी काच आणि फिल्मपुढे हिरवी काच ठेवली आणि पडद्यातून रक्त वाहताना त्याची एकामागून एक छायाचित्रे घेतली. पहिला डोळा होता खुद्द आल्व्हिस यांचा. नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला. अखेर तो १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदय आणि रक्ताभिसरणाला वाहिलेल्या नियतकालिकात आला. काही वर्षांतच डोनाल्ड गास यांच्यासारख्या नेत्रवैद्यांनी या चित्रांची भाषा सविस्तर लावून दिली आणि फ्लुओरेसीन अँजिओग्राफी हे नाव रुग्णालयांतून रूढ झाले.

या चित्रात काय दिसते? दंडात टोचलेला रंग दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोहोचतो. प्रथम पडद्यामागचा थर उजळतो, लगेच धमन्या उजळतात, मग केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे आणि शेवटी नीला. नीला तुंबली असेल तर हा शेवटचा टप्पा रेंगाळतो. निरोगी दृष्टिपटलाच्या वाहिन्या रंगाला बाहेर पडू देत नाहीत. दुखावलेल्या वाहिन्यांतून तो पाझरतो आणि पीतबिंदूची सूज फुलाच्या पाकळ्यांसारखी उमटते. आडवाट झालेल्या जुन्या वाहिन्या आणि रोगाने उगवलेल्या नव्या वाहिन्या साध्या तपासणीत सारख्या भासतात. रंग मात्र पहिल्यांतून गळत नाही, दुसऱ्यांतून भराभर गळतो. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रातील काळे प्रदेश. तेथे रंग पोहोचलेलाच नसतो, कारण तेथील बारीक वाहिन्या बंद पडलेल्या असतात.

या काळ्या प्रदेशांनी वैद्यकाची दृष्टी बदलली. शंभर वर्षे वैद्य सांडलेल्या रक्ताकडे पाहत आले होते. डोळ्याचे भवितव्य ठरत होते ते न पोहोचलेल्या रक्ताने. उपाशी राहिलेला पडदा मदतीसाठी रासायनिक संदेश पाठवतो आणि त्या संदेशाने अस्थानी वाहिन्या उगवतात, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ सालीच केला होता. तो संदेश नेणारे द्रव्य १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती आले आणि १९९४ साली ते रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात दाखवले गेले.

नीला तुंबण्याच्या रोगात दोन वेगळ्या व्याधी आहेत, एक पडद्याला उपाशी ठेवणारी आणि दुसरी न ठेवणारी, हे ज्यांनी आग्रहाने मांडले, त्यांत सोहनसिंग हेरे यांचे नाव अग्रभागी येते. पंजाबात जन्मलेले आणि तेथेच वैद्यक शिकलेले हेरे १९६१ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले; पुढे एडिंबरो आणि अमेरिकेतील आयोवा येथे त्यांनी आयुष्यभर डोळ्याच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास केला. पहिला, घातक प्रकार थोड्यांनाच होतो. बहुतेकांचा आजार दुसऱ्या प्रकारचा असतो. ही निवड चुकली तर सौम्य रोगाच्या डोळ्यावर अकारण कठोर उपचार होतात, किंवा घातक रोगाचा डोळा निश्चिंतपणे घरी पाठवला जातो.

याच हेरे यांनी रंगाच्या चित्रावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही ठामपणे सांगितले. रोगाच्या पहिल्या दिवसांत सांडलेले रक्तच रंगाला झाकते. तेव्हा काळा भाग उपाशी आहे की केवळ रक्ताआड आहे, हे कळत नाही. १९९० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आरंभीच्या काळात प्रकाश पडताच बाहुली कशी आकसते याची तुलना आणि पडद्याच्या विद्युत्‌संदेशाची नोंद, या परीक्षा चित्रापेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात. चित्र पडद्याची रचना दाखवते. पडदा काम किती करतो हे वेगळे विचारावे लागते.

चित्राचा खरा कस लागला तो मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत. शाखेच्या अडथळ्याविषयी अमेरिकेत झालेल्या अभ्यासाने १९८४ साली सांगितले की, रक्त विरल्यावर रंगाचे चित्र घेऊन, निवडक रुग्णांच्या सुजलेल्या भागावर लेसरचे हलके ठिपके दिले असता शंभरातील पासष्टांची दृष्टी तक्त्यावरील दोन ओळींनी सुधारली. उपचार न केलेल्यांत हे प्रमाण सदतीस होते. मुख्य नीलेविषयीच्या दुसऱ्या अभ्यासात ७२८ डोळे होते. त्याच्या १९९५ च्या अहवालांनी दोन गैरसमज दूर केले. या प्रकारात पीतबिंदूवर लेसर दिल्याने सूज ओसरते, पण दृष्टी सुधारत नाही. आणि घातक प्रकारातही आगाऊ लेसर देण्यापेक्षा, वारंवार तपासून, नव्या वाहिन्या दिसताच तो देणे बरे. आरंभी सौम्य वाटलेल्या डोळ्यांपैकी चौतीस टक्के तीन वर्षांत घातक प्रकारात गेले, हेही या अभ्यासात दिसले. एकदा काढलेले चित्र हा अखेरचा निकाल नव्हे, हा त्याचा बोध.

गेल्या काही वर्षांत उपचार आणखी पालटले. उपाशी पडद्याचा रासायनिक संदेश अडवणारे औषध डोळ्यात टोचण्याची पद्धत आली. २०१० साली अमेरिकेत या रोगातील सुजेसाठी त्यास मान्यता मिळाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशयंत्राने पडद्याच्या थरांची जाडी केसाच्या अंशात मोजता येऊ लागली आणि त्याच यंत्राच्या सुधारलेल्या रूपाने, कोणताही रंग न टोचता, वाहिन्यांचे जाळे पाहता येते. त्यामुळे पूर्वी प्रत्येक रुग्णाला लागणारी सुई आता पुष्कळांची चुकते. रंगाने काहींना मळमळते, त्वचा काही तास व लघवी एखादा दिवस पिवळी होते, आणि क्वचित एखाद्यास तीव्र प्रतिक्रिया येते. म्हणून ही सवलत लहान नाही. परंतु बिनरंगाचे यंत्र गळती दाखवत नाही आणि पडद्याच्या कडेकडचा विस्तीर्ण प्रदेश त्याच्या नजरेत पुरता येत नाही. वाहिनी नवी की जुनी, पाझरते की नाही, दूरच्या कडा उपाशी आहेत की काय, हे प्रश्न आले की नेत्रवैद्य आजही बायरच्या पिवळ्या पुडीकडे वळतो.

इतिहासात पदार्थाला स्वतःची नीती नसते. डांबराच्या एकाच घराण्यातील एका रंगाने बंगाल-बिहारच्या निळीचा अंत केला. ज्या धंद्याने रयतेला छळले तो धंदा गेला, पण जातानाही त्याने रयतेलाच बुडवले. त्याच घराण्यातील दुसऱ्या रंगाने, कोणाची मागणी नसताना, कोठे रक्त पोहोचत नाही ते दाखवले. उपाशी कोण आहे, हे पाहण्याची रीत वैद्यकाला मिळाली, ती अशी.

मात्र ही रीत कामी येण्यासाठी डोळा वेळेवर वैद्यापुढे यावा लागतो. खिदिरपूरच्या गोदीत ओझी वाहणारा हमाल असो, की मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसणारा कारकून असो, एका डोळ्यापुढे अचानक आलेले धुके दुखत नाही, म्हणून दोन्ही ते चष्म्यावर किंवा वयावर ढकलतात. शंभर दिवसांचा हिशेब मात्र त्या पहिल्या सकाळपासूनच चालू झालेला असतो. रक्तदाब आणि साखर आवरणे हा त्या हिशेबाचा पहिला भाग. आणि धुके आले त्याच आठवड्यात डोळ्याचा पडदा तपासून घेणे हा दुसरा.